फ्लोराईटची पावडर आणि हरवलेल्या सहा रेषा (ईपीआर करणाऱ्यांनी प्लीज वाचा)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते आणि जोडीला पीएचडी चालू आहे. विषय आहे फ्लोराईड स्फटिकातल्या रेअर अर्थ (सिरियम, गॅडोलिनियम, एर्बियम वगैरे मूलद्रव्यं) आयनांचा ईपीआर, म्हणजे इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, काही लोक ईएसआर म्हणतात तेच. इथे या विषयावर कोणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय.

झालं असं की माझ्याकडे कॅल्शियम फ्लोराईडचा, म्हणजे फ्लोराईटचा, एक छोटा स्फटिक होता, त्यात अगदी थोडं गॅडोलिनियम घातलेलं. नखाएवढा तुकडा, काचेसारखा स्वच्छ. जिथे मोजायला दिला तिथे सांगितलं की सॅम्पल पावडर करूनच ट्यूबमध्ये भरतात, सगळे तसंच देतात. मी विचार न करता खलात कुटला. स्पेक्ट्रम आला त्यात मधोमध एक जाड रेष, तिचा जी (g, रेष किती क्षेत्राला पडते ते सांगणारा आकडा) साधारण १.९९, आणि दोन्ही बाजूला नुसती लाटांसारखी वरखाली होणारी बेसलाईन. पुस्तकात गॅडोलिनियमला सात रेषा दाखवतात. माझ्या सहा कुठे गेल्या? आधी वाटलं डोपिंगच नीट झालेलं नाही. दोन रात्री झोप नाही. कोणी या विषयातलं असेल तर सांगा, अगदी मुळापासून सांगितलंत तरी चालेल, माझ्या विद्यार्थ्यांनाही हा धागा वाचायला देणार आहे.

निफाडवाला

ताई आधी हे ईपीआर म्हणजे काय ते दोन ओळीत सांगा ना, मी बीएस्सी करून द्राक्षात पडलो, फिजिक्स आवडायचं.

गोदाकाठची

@निफाडवाला, दादा सांगते. इलेक्ट्रॉन म्हणजे छोटं चुंबक. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की त्याच्या दोन ऊर्जापातळ्या होतात, एक खालची एक वरची, आणि क्षेत्र वाढवाल तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं. मग त्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या. नेहमीच्या मशीनला एक्स बँड म्हणतात, साधारण ९.५ गिगाहर्ट्झ. वारंवारता कायम ठेवून क्षेत्र हळूहळू वाढवत न्यायचं, ज्या क्षणी अंतर आणि मायक्रोवेव्हची ऊर्जा जुळते तिथे शोषण होतं, ती आपली रेष. मोकळ्या इलेक्ट्रॉनला हे ३३९ मिलीटेस्लाच्या आसपास होतं, त्याचा जी २.००२३. दुसऱ्या कशाचा जी वेगळा आला की समजायचं याच्यावर आजूबाजूच्या अणूंचा परिणाम आहे. हे पहिल्यांदा १९४४ मध्ये झावोइस्की यांनी कझानला पाहिलं, आणि फ्लोराईडवर काम करणाऱ्यांमध्ये कझानचं नाव आजही आदराने घेतात.

जुना_लॅबवाला

धागा बघून लॉगिन केलं, खूप दिवसांनी. माझी पस्तीस वर्षं स्पेक्ट्रोमीटरजवळ गेली, आता निवृत्त, इंदिरानगरला असतो. बेटा, डोपिंग बरोबर आहे. चूक फक्त खलात झाली. सावकाश सांगतो, जरा लांबेल.

आधी स्फटिकाचं घर समजून घे. कॅल्शियम फ्लोराईडमध्ये फ्लोरिनचे आयन घनाच्या कोपऱ्यांवर बसतात, आणि असे घन एकाला एक लागून सगळीकडे भरलेले. या घनांच्या मध्यभागी कॅल्शियम, पण प्रत्येक घनात नाही. एक घर भरलेलं, शेजारचं रिकामं, पुन्हा भरलेलं, बुद्धिबळाच्या पटावर काळं पांढरं असतं तसं, फक्त तिन्ही दिशांना. भरलेल्या घरात कॅल्शियमभोवती आठ फ्लोरिन.

आता रेअर अर्थ आयन येतो आणि कॅल्शियमच्या जागी बसतो. मापाने जमतं, आठ शेजारी असताना कॅल्शियमची त्रिज्या १.१२ अँगस्ट्रॉम आणि गॅडोलिनियमची १.०५. पण कॅल्शियमवर दोन धन प्रभार आणि याच्यावर तीन. एक जास्तीचा. स्फटिकाला हिशोब शून्यावर आणावाच लागतो, म्हणून कुठेतरी एक जादा फ्लोरिन येऊन बसतो. सगळा खेळ या जादा फ्लोरिनचा आहे.

तो शेजारच्याच रिकाम्या घराच्या मध्यभागी बसला तर आयनाच्या दृष्टीने एक दिशा वेगळी झाली, [१००] ही, म्हणजे घनाच्या कडेला समांतर. याला टेट्रॅगोनल साईट म्हणतात. तो लांब कुठेतरी बसला तर आयनाला त्याची खबरही नाही, सगळीकडे सारखं, ती क्युबिक साईट. आणि स्फटिक वाढवताना भट्टीत दमट हवा शिरली तर ऑक्सिजन घुसतो, फ्लोरिनच्या एका जागी बसतो आणि [१११], म्हणजे मध्यापासून कोपऱ्याकडे जाणारी दिशा वेगळी होते, ती ट्रायगोनल. म्हणून फ्लोराईड वाढवणारे ओलाव्याला इतके घाबरतात, व्हॅक्युममध्ये काम करतात आणि थोडं लेड फ्लोराईड टाकतात, ते ऑक्सिजन घेऊन लेड ऑक्साईड होऊन उडून जातं.

म्हणजे एकाच तुकड्यात, एकच आयन, आणि तीन वेगवेगळ्या शेजारात राहतो. रासायनिक पृथक्करण करून हे कधीच कळणार नाही, तिथे फक्त गॅडोलिनियम किती टक्के एवढंच येईल. ईपीआर सांगतो तो कुणाच्या शेजारी राहतो ते. पण त्यासाठी स्फटिक अख्खा हवा आणि तो क्षेत्रात फिरवायला हवा. पावडर केलीस म्हणजे लाखो तुकडे सगळ्या दिशांना तोंड करून बसले, आणि दिशेची माहिती सगळी एकमेकांत मिसळून गेली.

निफाडवाला

काका हे इतकं सोपं करून कोणी सांगितलं असतं तर मी एमएस्सी केलं असतं. खरंच.

अंबड_टर्नर

वाचतोय. माझा अंबडला छोटा जॉबवर्कचा शेड आहे, फिजिक्स बारावीपर्यंत. फिरवायचा म्हणजे नेमका कसा फिरवतात, किती अंशाच्या अचूकतेने?

जुना_लॅबवाला

@अंबड_टर्नर, चांगला प्रश्न, यावर येतोच, आधी फिरवल्याने काय होतं ते एका उदाहरणाने सांगू दे.

सिरियम घे. सिरियम ३+ ला ४एफ या आतल्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, आणि त्याच्या जवळजवळ सगळ्या समस्थानिकांच्या केंद्रकाला स्पिन (म्हणजे स्वतःचं छोटं चुंबकत्व) नाही, त्यामुळे रेष एकच, स्वच्छ. कॅल्शियम फ्लोराईडमधल्या टेट्रॅगोनल सिरियमचा जी अक्षाच्या दिशेने ३.०४ आणि आडव्या दिशेने १.४० आहे. आता जादा फ्लोरिन वरखाली बसला असेल, किंवा पुढेमागे, किंवा डावीउजवीकडे, म्हणजे तीन प्रकारचे गट झाले, प्रत्येकाचा अक्ष वेगळा.

क्षेत्र [१००] ला लाव. एका गटाचा अक्ष क्षेत्राच्या दिशेने, त्याची रेष ९.५ गिगाहर्ट्झला २२३ मिलीटेस्लाच्या जवळ. बाकीचे दोन गट आडवे, त्यांची रेष थेट ४८६ च्या जवळ, आणि दोघांची मिळून एकच. आता स्फटिक हळूहळू फिरवत [१११] कडे ने. तिथे तिन्ही अक्ष क्षेत्राशी सारखाच कोन करतात, म्हणून तिन्ही रेषा सरकत सरकत येऊन ३२५ च्या आसपास एकमेकींवर बसतात. मी पहिल्यांदा चार्ट रेकॉर्डरवर हे पाहिलं तेव्हा पेन सरकताना अंगावर काटा आला होता, आजही आठवतं.

ट्रायगोनल असती तर बरोबर उलट झालं असतं. चार अक्ष, [१००] ला चारही एकत्र, आणि [१११] ला एक वेगळी, तीन एकत्र. म्हणजे रेषा कुठे जुळतात आणि कुठे फुटतात एवढं बघूनच शेजार ओळखता येतो, एक आकडाही न लिहिता.

निफाडवाला

सिरियमसाठी मशीन तेच चालतं का, ताईंनी गॅडोलिनियमच का घेतलं मग?

जुना_लॅबवाला

मशीन तेच, पण थंडी वेगळी लागते. सिरियम, निओडिमियम, एर्बियम यांच्या पायाच्या पातळीच्या वर थोड्याच अंतरावर दुसऱ्या पातळ्या असतात. तापमान असलं की स्फटिकाच्या कंपनांमुळे आयन वर जातो खाली येतो, इतक्या वेगाने की त्याची रेष पसरून पसरून दिसेनाशी होते. द्रव नायट्रोजनचे ७७ केल्व्हिनही बहुतेकांना पुरत नाहीत, द्रव हेलियम लागतो, ४.२ केल्व्हिन म्हणजे उणे २६९ सेल्सियस. निफाडच्या थंडीचं काही चालत नाही तिथे. हेलियम महाग, मिळायला वेळ लागतो. गॅडोलिनियमचं तसं नाही. त्याच्याकडे ४एफ मध्ये बरोबर सात इलेक्ट्रॉन, अर्धं कवच भरलेलं, कक्षीय कोनीय संवेग शून्य. त्यामुळे स्फटिकाच्या कंपनांची त्याला फार झळ लागत नाही आणि साध्या खोलीच्या तापमानाला रेष मिळते. युरोपियम २+ चंही तेच. पोरीने योग्य निवडलंय.

गोदाकाठची

काका, एर्बियमबद्दल पण लिहा ना, मला ते फार आवडतं.

जुना_लॅबवाला

आवडण्यासारखंच आहे. क्युबिक जागेतल्या एर्बियमचा जी कागदावर काढला तर ६.८० येतो, आणि कॅल्शियम फ्लोराईडमध्ये मोजलेला ६.७८५. इतका जवळ. एक्स बँडला रेष बरोबर १०० मिलीटेस्लाला पडते. का जवळ येतो? कारण ४एफ इलेक्ट्रॉन आत दडलेले असतात, बाहेर ५एस आणि ५पी ची भिंत. शेजाऱ्यांचा आवाज आत हळू येतो. जो थोडा फरक उरतो तोच सांगतो की भिंत पूर्ण बंद नाही, फ्लोरिनशी थोडी देवाणघेवाण आहे. इटर्बियमचं तसंच, कागदावर ३.४३ आणि प्रयोगातही तिथेच.

शिवाय एर्बियमची एक खूण आहे. सुमारे २३ टक्के एर्बियम १६७ असतं, त्याच्या केंद्रकाचा स्पिन ७/२, म्हणून मोठ्या मधल्या रेषेभोवती आठ छोट्या रेषा. त्या आठ मोजल्या की एर्बियमच आहे हे पक्कं.

सिन्नरकर

मी दगडवाला माणूस. महोदरीचा फ्लोराईट माहिती आहे का तुम्हाला लोकांना? मधासारखे पिवळे गोळे, क्वार्ट्झवर बसलेले, जगभरचे संग्राहक घेतात. सिन्नरच्या एमआयडीसीतलं गारगोटी म्युझियम बघितलं नसेल तर जरूर बघा, आपल्या भागातले झिओलाईट काय प्रतीचे आहेत ते तिथे कळतं. माझ्याकडे महोदरीचा एक गोळा आहे सुपारीएवढा. ताई तुम्हाला स्फटिक हवा असेल तर देतो, तुमचा तर कुटला गेला.

गोदाकाठची

सिन्नरकर दादा किती मोठं मन! पण तो तोडायचा नाही हं. आणि काका, नैसर्गिक फ्लोराईटमध्ये रेअर अर्थ असतात ना?

जुना_लॅबवाला

असतात, कॅल्शियमच्या मापाचे असल्यामुळे सहज शिरतात. फ्लोरेसन्स हा शब्दच फ्लोराईटवरून आला, स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दिला, आणि अतिनील प्रकाशात काही फ्लोराईट जे निळे चमकतात ते युरोपियम २+ मुळे. आपल्या जवळचं म्हणाल तर गुजरातच्या छोटा उदेपूरमधलं अंबाडुंगर, कार्बोनेटाईट खडकातला फ्लोराईट, तिथे रेअर अर्थही आहेत.

पण सिन्नरकर, तुमचा गोळा या कामाला नको. तो एक स्फटिक नसतो, बारीक बारीक स्फटिक मध्यापासून बाहेर वाढत गेलेले असतात. ईपीआरला तो पावडरसारखाच दिसेल. तुमच्या कपाटातच शोभतो.

सिन्नरकर

हे माहिती नव्हतं. मग घनासारखे सुटे फ्लोराईट येतात ते चालतील, असा एक दुसऱ्या राज्यातला आहे माझ्याकडे. तो देतो, तोडला तरी हरकत नाही.

गोदाकाठची

दादा खूप आभार, पण त्यात काय काय आणि किती आहे ते माहीत नसल्याने पहिल्याच कामाला नको. माझ्या गाईडच्या कपाटात त्याच बॅचचा अजून एक तुकडा निघाला!! आता फक्त तो धरायचा कसा ते सांगा काका.

जुना_लॅबवाला

छान. आता @अंबड_टर्नर यांचा प्रश्न.

फ्लोराईट [१११] ला काटकोनात असलेल्या पातळ्यांवर फुटतो. पातं योग्य जागी ठेवून हलका टोला दिला की आरशासारखी सपाट बाजू मिळते, एक्सरेने दिशा काढायची गरज नाही. अशा दोन बाजू जिथे मिळतात ती कड [११०] च्या, म्हणजे घनाच्या बाजूच्या कर्णाच्या, दिशेने असते. ती कड उभ्या दांडीला समांतर ठेवायची आणि दांडी फिरवायची. मग क्षेत्र ज्या पातळीत फिरतं तिच्यात [१००], [१११] आणि [११०] तिन्ही येतात. सपाट बाजू क्षेत्राला काटकोनात असली की क्षेत्र [१११] ला आहे, तिथून एका बाजूला ५४.७ अंशावर [१००], दुसऱ्या बाजूला ३५.३ अंशावर [११०].

दांडी धातूची चालणार नाही, कॅव्हिटीत, म्हणजे सॅम्पल ठेवतात त्या मायक्रोवेव्हच्या पोकळीत, धातू गेला की मायक्रोवेव्हचा सगळा मोड (आतली लहरींची घडी) बिघडतो. क्वार्ट्झची दांडी नाहीतर टेफ्लॉन. वर अंशाची चकती. अर्ध्या अंशाची चूक चालेल, पण दांडी डगमगता कामा नये.

अंबड_टर्नर

टेफ्लॉन मी रोज करतो, व्हॉल्व्हच्या सीट बनवतो. दांडीचा व्यास आणि लांबी सांगा. टोकाला त्रिकोणी खाच करून देतो, कड त्यात बसेल म्हणजे आपोआप समांतर राहील. टेफ्लॉन लेथवर कापताना नरम पडतो, टूल एकदम धारदार लागतं आणि कापल्यावर एक दिवस ठेवून परत माप घ्यावं लागतं, म्हणून दोन दिवस द्या. चकती ॲल्युमिनियमची करतो, ती बाहेरच राहील ना? पैसे नकोत.

गोदाकाठची

मला काय बोलावं कळत नाहीये. दादा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, मापं त्यात आहेत. आणि हो, चकती बाहेरच राहील.

जुना_लॅबवाला

बेटा जाण्याआधी एक सांगून ठेवतो, काय बघायचं ते. तुला क्युबिक गॅडोलिनियम नक्की मिळेल. क्युबिक म्हटल्यावर वाटतं की फिरवून काही बदलणार नाही, पण सात इलेक्ट्रॉनांचा मिळून स्पिन ७/२ (म्हणूनच आठ पातळ्या आणि सात रेषा) इतका मोठा असला की घनाच्या कोपऱ्यांची दिशा त्याला जाणवते. [१००] ला सात रेषा सगळ्यात पसरलेल्या, टोकाच्या दोन मधल्या रेषेपासून साधारण १०० मिलीटेस्ला इकडे आणि तिकडे, आतल्या चार दोन दोनच्या जोडीने. उंचीचं प्रमाण एका टोकाच्या रेषेला ७ धरलं तर १२, १५, मधलीला १६. फिरवायला लाग, रेषा आकसत येतील. [१००] पासून साधारण ३० अंशावर त्या मधल्या रेषेच्या अगदी जवळ गर्दी करतील, पूर्ण एक होणार नाहीत कारण एक्स बँडला दुसऱ्या क्रमाच्या दुरुस्त्या उरतात. पुढे नेलंस की पुन्हा उघडतील, पण बाजू बदलून, डावीकडची उजवीकडे, आणि [१११] ला पसारा दोन तृतीयांश. [११०] ला एक चतुर्थांश.

यातच तुझ्या पावडरचं उत्तर आहे. मधली रेष दिशेप्रमाणे फारशी हलत नाही, म्हणून पावडरमध्ये सगळ्या तुकड्यांची एकाच जागी येते आणि जाड दिसते. बाकीच्या सहा प्रत्येक तुकड्यात वेगळ्या ठिकाणी, त्याच तुझ्या बेसलाईनच्या लाटा. हरवल्या नव्हत्या.

मॉड्युलेशन (मशीन क्षेत्राला देतं ती छोटी थरथर) कमी ठेव, आणि दर पाच अंशाला नोंद घे, ३० च्या आसपास दर अंशाला. बाजूला डीपीपीएच या संदर्भ पदार्थाचा कण ठेव, त्याचा जी पक्का माहीत, २.००३६, म्हणजे क्षेत्राचा घोळ होणार नाही.

कॉलेजरोडची_रेडिओग्राफर

मध्येच येतेय, मी एक्सरे विभागात काम करते. आमच्या छातीला टीएलडी बॅज (किरणांचा डोस मोजणारा) असतो तो पण असाच काहीतरी असतो ना? डिस्प्रोसियम हा शब्द ऐकलाय.

जुना_लॅबवाला

बरोबर ऐकलंय ताई. आपल्याकडच्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोसियम असतं, भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं. कॅल्शियम फ्लोराईडमध्ये डिस्प्रोसियम घालूनही डोसीमीटर करतात. फ्लोराईडमध्ये किरण पडले की काही ३+ आयन एक इलेक्ट्रॉन धरून ठेवतात आणि २+ होतात, गरम केलं की तो हिशोब मिटतो आणि प्रकाश बाहेर पडतो, तो मोजला की डोस कळतो. कुठल्या शेजारातले आयन इलेक्ट्रॉन धरतात हेही ईपीआरनेच दाखवलं, प्रामुख्याने क्युबिक जागेतले, ज्यांच्याजवळ जादा फ्लोरिन नाही. थुलियम २+ हे त्याचं फार सुंदर उदाहरण.

अंबड_टर्नर

दांडी तयार. खाच १२० अंशाची नाही तर १०९.५ ची केली, काकांनी व्यनित सांगितलं की त्या दोन बाजूंमधला कोन तेवढा असतो. डायल गेजवर बघितलं, डगमग नाही.

निफाडवाला

रोज सकाळी फवारणीला जायच्या आधी हा धागा उघडतो. ताई कधी आहे मोजमाप?

गोदाकाठची

झालं!! काल दिवसभर मशीन मिळालं, आत्ता घरी येऊन लिहितेय.

स्फटिक पहिल्याच टोल्यात सुंदर फुटला, कड बरोब्बर खाचेत बसली, व्हॅक्युम ग्रीसचा एक थेंब लावला. पहिला स्वीप [१११] धरून केला आणि समोर सात रेषा. मोजल्या, परत मोजल्या. मग ५४ अंश फिरवून [१००] ला गेले, पसारा वाढत गेला, टोकाची रेष मधल्या रेषेपासून १०० च्या थोडी अलीकडे. [१११] ला तीच दोन तृतीयांशाच्या आसपास, काका जसं म्हणाले तसंच. ३० अंशाकडे येताना मात्र मी दर अंशाला थांबत होते, रेषा आत आत येत होत्या, २९ ला आणि ३० ला सगळा गठ्ठा मध्ये, आणि ३३ ला पुन्हा उघडायला लागल्या. ऑपरेटर सर पण खुर्ची ओढून बघत बसले. त्यांनी सांगितलं की आता सिंगल क्रिस्टल आणणाऱ्यांना आधी विचारूनच पावडर करू.

आता अडलंय ते असं. या सात सोडून अजून काही बारीक रेषा आहेत, खूप लांब लांब पसरलेल्या, एक तर १५० मिलीटेस्लाच्याही खाली. त्या ३० अंशाला आत येत नाहीत, आपल्याच चालीने सरकतात. [१११] ला त्यातल्या काही एकमेकींवर बसल्यासारख्या वाटतात. काका, या टेट्रॅगोनलच्या ना?

जुना_लॅबवाला

वा पोरी. हो, लक्षण तेच. टेट्रॅगोनल गॅडोलिनियममध्ये ऊर्जेच्या सूत्रातलं अक्षाच्या दिशेचं पद मोठं असतं, रेषा फार दूर फेकल्या जातात, काही तर तुझ्या मॅग्नेटच्या आवाक्याबाहेर. सगळ्या एकदम ओळखायला जाऊ नकोस. आधी [१११] ला जुळणाऱ्या वेगळ्या काढ, त्यांचा कोनाप्रमाणे आलेख काढून इथे टाक. आणि स्फटिक तसाच खाचेत ठेव, काढू नकोस, पुढच्या वेळी तोच कोन शून्य धरायचा आहे.

गोदाकाठची

खाचेतच आहे, दांडीसकट कापसात गुंडाळून डब्यात ठेवलाय. आलेख रविवारी टाकते. सिन्नरकर दादा, रविवारीच दुपारी तुमचा महोदरीचा गोळा बघायला आले तर चालेल का, यूव्ही टॉर्च घेऊन येते.

सिन्नरकर

या की. घरी सगळ्यांना सांगून ठेवतो, खोलीत अंधार करून बघू.